रिकामी पिंपं

सोहारच्या यार्डात रात्रपाळीला
मी पिंपं मोजतो.
निळी, दोनशे लिटरची, थरावर थर,
बंदराकडून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यात
आतल्या आत घुमणारी.

लहानपणी मला वाटायचं
पिंपं असतात ती
कुणीतरी त्यांवर जाऊन आदळावं म्हणून.

ग्रामपंचायतीमागची खोली,
इक्बालचाचांचा व्हिडिओ, तिकीट दीड रुपया,
खिडक्यांना गोणपाट.
पडद्यावर गोदाम दिसलं की आम्ही पुढं सरकायचो.
हिरो एकटा, ते पंचवीस,
आणि पंचवीसही इतके शिस्तीचे
की रेशनला उभं राहावं तसे
एकेक करून मार खायला यायचे.
चित्र मुंग्यांनी भरलं की
चाचा दहाची कोरी नोट काढून हेड पुसायचे,
तेवढ्यात आमची भांडणं,
किती मेले, किती नुसतेच पडले.

खलनायक नेहमी इथूनच यायचा,
आखातातून,
पांढरा सूट, पांढरे बूट,
ब्रीफकेसमध्ये सोन्याची बिस्किटं.
परवा सजीवनला हे सांगितलं.
त्यानं चहात बुडवलेलं बिस्किट वर काढून
उजेडात नीट निरखून पाहिलं.
शंभर बैशाला पुडा.

आज दुपारी फोनवर कळलं,
विश्राम मास्तर गेले.
दोनदा आमदार, तिसऱ्यांदा डिपॉझिट जप्त.

थोरल्याला कुवेतला धाडायला
आईनं पाटल्या मोडल्या होत्या,
आणि एजंट पैसे दाबून बसलेला.
मास्तर एसटीनं आले, काखेत छत्री.
मी नऊ वर्षांचा, त्यांच्या मागोमाग.
म्हटलं, आता दार लाथेनं उघडणार.
त्यांनी चपला काढल्या.
‘पाणी मिळेल का?’ म्हणाले.
मग स्टुलावर बसले, वही उघडली,
तारखा विचारल्या, एकेक, दोनदोनदा.
एजंट ओरडला, तेही लिहून घेतलं.
दुपारी तिथंच भाकरी सोडली,
अर्धी त्याच्यापुढं सरकवली.
शेवटची गाडी निघून गेली, मास्तर बसूनच.
साडेसातला नोटा टेबलावर आल्या.
काच फुटली नाही.
एक पिंप पडलं नाही.
मी रडकुंडीला आलेलो,
एवढंच?

पुढं त्यांनी पक्ष बदलला.
बापानं भिंतीवरचा फोटो उतरवला,
चौकोन तेवढा पांढरा राहिला.
का बदलला, ते कधी बोलले नाहीत.
मी अजून त्यांची बाजू शोधतो,
सापडत नाही.
तेही इथं लिहून ठेवतो,
त्यांनी लिहिलं असतं तसं.

गेल्या उन्हाळ्यात तीन महिने पगार नव्हता.
दिलमुराद म्हणाला, ऑफिसच्या काचा फोडू.
त्याचे हात बघता त्याला ते जमलं असतं,
आणि खरं सांगतो, मलाही बघायचं होतं.
पण सकाळी मी वही घेऊन
मॅनेजरच्या केबिनबाहेर बसलो होतो.
एसीच्या मागची गरम हवा तोंडावर.
दार उघडलं आणि माझ्या तोंडून निघालं,
‘पाणी मिळेल का?’
मी ठरवलं नव्हतं, निघालं.
अकराव्या दिवशी दोन महिन्यांचे मिळाले.
तिसरा अजून वहीत आहे.

आता दोन वाजलेत.
वाळू उडतेय, दिव्यांभोवती पुन्हा त्या मुंग्या,
आणि पुसायला चाचा नाहीत.
सातव्या रांगेतलं एक पिंप वाऱ्यानं सुटलं,
खाली आलं, तोच आवाज,
अगदी तोच,
घरंगळत कुंपणापर्यंत गेलं.
दिलमुराद दचकून वळला.
काही नाही रे, मी म्हटलं,
आमच्याकडे यानंतर
इंटरव्हल व्हायचा.