दहा मिनिटांची पाळी

तेवीस वर्षं मी त्यांचं बोलणं उतरवलं,
त्यांच्याशी बोललो मात्र एकदाही नाही.
सभागृहात आम्हा प्रतिवेदकांना तोंड नसतं,
पेन्सिल असते, आणि दर दहा मिनिटांनी
खांद्यामागे येऊन उभा राहणारा पुढचा माणूस.
म्हणून डोमाजी संग्रामे मला तुकड्यांतच ठाऊक:
एखाद्या वाक्याचं शेपूट, एखाद्या प्रश्नाचं डोकं,
मधलं धड दुसऱ्या कुणाच्या वहीत.

आज लाखांदूरच्या पुढे, खैरबोडीला उतरलो
तर ते ओसरीवर धान पाखडणाऱ्या सुनेकडे
"सभापती महोदय" म्हणून चहा मागत होते.
ती हसली नाही. सवयीनं म्हणाली, "बसा खाली."

ते कधी हौद्यात उतरले नाहीत.
कागद भिरकावले नाहीत, राजदंडाकडे पाहिलंही नाही.
रात्री साडेअकराला, गणपूर्तीपुरती डोकी उरलेली,
मंत्री रुमालाआड जांभई लपवत असताना
ते उठायचे. कलम सात, पोटकलम दोन,
'शक्यतो' हा शब्द वगळण्यात यावा.
सूचना फेटाळली. पुढच्या वर्षी पुन्हा उठले.
पुन्हा फेटाळली.
तिसऱ्या वर्षी मंत्री बदलले होते,
नवे म्हणाले, "ठीक आहे," बहुधा झोप आली म्हणून,
आणि आश्रमशाळांत 'शक्यतो' मिळणारं पिण्याचं पाणी
त्या रात्रीपासून नुसतं मिळणारं झालं,
निदान कायद्यात.
खंडात या प्रकाराला दोन ओळी आहेत.
त्यांच्या कोटाच्या कोपराला ठिगळ होतं,
ते खंडात नाही.

मी सांगायला आलो होतो ते वेगळंच.

त्या डिसेंबरात, नागपूरला, पाळी माझी होती.
ते बोडीवर बोलत होते. मी साताऱ्याकडचा,
बोडी म्हणजे काय, माझ्या बापालाही माहीत नव्हतं.
त्यांच्या 'र'चा मी नेहमीच 'ळ' करायचो, 'न'चा 'ण',
पारीची पाळ, पान्याचं पाणी, इस्त्री फिरवल्यासारखं,
आणि वाटायचं, उपकारच करतोय.
तशीच बोडी खोडली, तळे लिहिलं.
मंत्र्यांनी उत्तर दिलं. तळ्यांना पैसा मिळाला.
आश्वासन समितीनं खंड उघडून तळी मोजली, बरोबर भरली.
तालुक्यातल्या बोड्या गाळानं भरत गेल्या,
माझं अक्षर मात्र सुरेख होतं.

सांगून टाकलं. चहावर साय धरली.
ते बराच वेळ काडीनं कान कोरत राहिले.

"मालूम होता," म्हणाले.
"तरा वायला, बोडी वायली. तपासाची परत आली होती,
आठ दिसांत सही करून धाडाची.
पन इकडं झड लागली होती, बोडीची पार फुटाले आली,
मी गावासंगं रातभर माती टाकत होतो.
कागद पाहाले टाइम कोनाले होता?"

म्हणजे पार वाचली होती.
शब्द वाहून गेला.

मग काठी घेऊन मला मागल्या बाजूनं नेलं.
बोडीत गुडघाभर पाणी, गाळावर बेशरम माजलेला,
दोन पोरी ओढणीनं झिंगे धरत होत्या.
"आता घ्या नोंद," म्हणाले.
वही नव्हती. खिशात एका पुतण्याची लग्नपत्रिका होती,
तिच्या कोऱ्या पाठीवर लघुलिपीत घेत गेलो,
दहा मिनिटं, वर बहुतेक आणखी सहा-सात.
खांद्यामागे कुणी येऊन उभं राहिलं नाही.

पत्रिका त्यांनी उलटी धरली, सुलटी धरली.
"हे कोंबडीचे पाय मले नाई वाचता येत.
वाचा तुमी."

मी घसा खाकरला.
"सभापती महोदय, बोडी म्हंजे"
"हरकतीचा मुद्दा," ते म्हणाले.
"मोठ्यानं वाचा. त्या पोरींले आयकू आलं पायजे."