सम आठवडे, विषम आठवडे

बापाने मागे ठेवली
एक होडी आणि दोन मुलगे.
घर विकलं, त्याचे पैसे झाले. पैसे कापता येतात.
सात मीटरची होडी मधोमध करवतली
तर दोघांच्याही वाट्याला नुसतं तळं येतं.

म्हणून सम आठवडे लेस्वावचे, विषम माझे,
मे ते सप्टेंबर.
गिझित्स्कोच्या धक्क्यावर गाठ पडू नये म्हणून
शनिवारी तो दहाला जातो, मी बाराला येतो.
मधले दोन तास होडी कुणाचीच नसते.
बदकं चढून बसतात.

तो मागे ठेवतो
ओला टॉवेल,
शेपू घालून खारवलेल्या काकड्यांची अर्धी बरणी,
एकदा एक इवलीशी चप्पल, डाव्या पायाची
(त्याला नात झाली हे मला चपलेने सांगितलं)
आणि बापाची वही,
जिच्यात वाऱ्याशिवाय काही लिहायचं नाही
असा दंडक होता.

'वायव्य, चार. गॅस संपत आलाय.'
खाली माझं: 'नैर्ऋत्य, दोन. गॅस भरला.'
सहा वर्षांत एवढंच बोललोय आम्ही,
पण तारीखवार.

कालव्यावरचे पूल बुटके.
या तळ्यातून त्या तळ्यात जायचं
तर डोलकाठी आडवी करावी लागते
आणि ते एकट्याचं काम नाही:
एकाने पुढून दोर सैल सोडायचा,
दुसऱ्याने मागे खांदा द्यायचा.
बाप पुढे असायचा. आम्ही मागे,
खांद्याला खांदा, कारण जागाच तेवढी.
आता मी पुलाअलीकडे ताटकळतो,
एखादा कयाकवाला हात देईल म्हणून;
मग म्हणतो, जाऊ दे,
आणि याच पाण्यात गोल गोल फिरतो.

परवा चढलो, तर नाळेवर नवी कप्पी.
पितळी. तेल दिलेली. दोर ओवून तयार,
गाठ बापाची.
वहीत: 'पूर्व, तीन. आता एकट्यालाही उतरवता येईल.'

ते वाक्य मी दुपारभर
दोन्ही बाजूंनी वाचलं.
एका बाजूने ते हात पुढे करतं,
दुसऱ्या बाजूने खिशात घालतं.

पलीकडच्या काठावर वादळाचा पिवळा दिवा
लुकलुकायला लागला.
शहाण्यांच्या होड्या लव्हाळ्यांत शिरल्या.
मी पुलाकडे निघालो.
दोर सोडला. काठी उतरली,
म्हातारं माणूस खुर्चीत बसावं तशी,
कुणाच्याही खांद्याशिवाय.
पुलावरून एक पोरगा थुंकला. नेम चुकला.
मग सहा वर्षांनी न्येगोत्सिनचं पाणी,
काळं, उभं राहिलेलं.

रात्री वही उघडली.
'पश्चिम, सहा,' लिहिलं. 'कप्पी चालते.'
पेन तसंच धरून बसलो.
वर दोर काठीवर आपटत होता,
थांबत नव्हता.
मग खाली, समासात, बारीक अक्षरात:
'चप्पल खिडकीत ठेवलीये.
मुलीचं नाव काय?'