ओढा डोंगर चढतोय

रात्री साडेनऊ. जिंतुरात, बसस्टँडामागच्या ह्या दोन खोल्यांत
पंखा एकच, आणि तो माझ्यापेक्षा लॅपटॉपला जास्त लागतो.
आज नकाशावर आठ बदल आलेत तपासायला.
सात जुन्या हातांचे, डोळे झाकून पुढे पाठवावेत असे.
आठवा मुंजाजीचा.
खातं उघडून त्याला चार दिवस झाले.

चार दिवसांत मुंजाजीनं
पिठाची गिरणी टाकली, दवाखान्याच्या खुणेनं.
शाळा दोनदा काढली;
पहिली लगेच उमटली नसणार,
म्हणून शेजारीच दुसरी.
शेताकडं जाणाऱ्या पाणंदीला राज्य महामार्ग केलं.
एका चौकोनावर लिहिलं : आमचं घर.
आणि मग एक रेघ ओढली,
धरणाच्या ऐन पाण्यातून,
ह्या काठापासून त्या काठापर्यंत सरळ.
रस्ता, म्हणे.

मी लिहिलं,
"पाण्यातून रस्ता जात नसतो. कृपया नियम वाचावेत."
मग माझंच मला वाचून दाखवलं, मोठ्यानं.
ह्या 'कृपया'चा आवाज माझ्या ओळखीचा आहे.
तहसिलीच्या खिडकीत एकोणीस वर्षं बसलेय मी,
समोरच्या माणसाला परत पाठवायचं असलं
की आम्ही आधी कृपया म्हणतो.
पुसलं.

माझा पहिला ओढा पठाण सरांनी तपासला होता.
परभणीहून चार ओळी आल्या होत्या त्यांच्या :
"वळणं नजाकतीनं घेतलीत.
दोन्ही काठांची बाभळीची रांगही सुटली नाही.
फक्त बाई, ओढा डोंगर चढतोय.
रेघ उगमाकडून ओढा, पाणी जातं तशी."
घरात कुणी नव्हतं. मी एकटीच हसत सुटले.
एका टिचकीचं काम होतं ते,
सरांना स्वतःला करता आलं असतं.
त्यांनी केलं नाही. ठेवलं माझ्यासाठी.
त्या रात्री झोपायच्या आधी
मी आणखी तीन ओढे डोंगरावरून खाली आणले.

म्हणून पुन्हा लिहिलं :
"मुंजाजी, गिरणीची जागा हातभरही चुकली नाही.
तिची खूण मात्र दवाखान्याची पडली आहे,
रात्री कुणी तापलेलं लेकरू घेऊन गिरणीच्या दारात उभं राहील.
शाळा एक ठेवा, कुठली ते तुम्हीच ठरवा, तुम्ही शिकलात तिथं.
घर राहू द्या, त्यावरचं नाव तेवढं काढा,
गावात प्रत्येकाचं घर 'आमचं'च असतं.
आणि पाण्यातला रस्ता
मला कळला नाही. सांगाल का?"

शेवटचा प्रश्न खरं तर मी
बरं दिसावं म्हणून विचारला होता.
उत्तर मला माहीत होतं.

पावणेअकराला उत्तर आलं :
"मॅडम, तुमचा वरून काढलेला फोटू दिवाळीतला हाय.
वैशाखात या.
पानी हटलं की जुन्या गावचा रस्ता उघडा पडतोय,
मेंढरं तिथूनच नेतेत समदे.
पूल बी हाय, तीन मोऱ्यांचा.
मधल्या मोरीत मी एकदा अडकलो व्हतो."

मी फोटोची तारीख पाहिली.
कार्तिक.
एकोणीस वर्षं ह्याच तालुक्याचे सात-बारे हाताळले,
आणि पाणी उतरल्यावर काय दिसतं
ते बघायला एकदाही गेले नव्हते.

हंगामी वाटेसाठी नकाशात वेगळी सोय आहे.
मी ती कधी वापरली नव्हती,
शोधायला वीस मिनिटं लागली.
ती कुठं सापडते तेवढं त्याला कळवलं.
रेघेला हात लावला नाही.

आज सकाळी उघडलं तर रेघ तुटक झालेली,
खाली महिने लिहिलेले, चैत्र ते ज्येष्ठ,
इंग्रजी महिने हवे होते. असू दे.
मधोमध पूल. मोऱ्या तीन.
गिरणी गिरणी झालीय. शाळा एकच उरलीय.

पाणंद अजून राज्य महामार्गच आहे.
सांगेन उद्या.
एका रात्री किती सांगायचं माणसाला.