हवाई अंतर

धुळे ते जळगाव सोळा टप्पे.
सहा किलोमीटरचा एक टप्पा, हे मी झोपेतही सांगेन.
सकाळी सातची गाडी. फागणे येईस्तोवर
मशीनचा कागद एकदा तरी अडकतो.

त्या दिवशी ड्रायव्हरमागच्या सीटवर एक पोरगी,
पांढरा सदरा, खांद्यावर काळी पट्टी,
पट्टीवर सोनेरी रेघ, एकच.
पोलीस का गं? विचारलं.
म्हणाली, गोंदूरला विमान शिकते. तेजल गिरासे. एक जळगाव द्या.
मी अर्धं तिकीट काढलं.
आभाळातल्या बाईलाही आमच्याकडे सवलत आहे.

मुकटीला भिकुबाई चढली,
मांडीवर कळण्याच्या पिठाचा डबा, शेजारी ही पोरगी.
"इमाननं तिकीट कितलं पडस व?"
"तिकीट नाही आजी, मीच चालवते."
"मंग खिडकी उघडस का?"
"उघडते."
विमानातलं सगळं समजल्यागत भिकुबाई मागे टेकली.

कालच ती एकटी जळगावला जाऊन आली होती.
जाताना सव्वीस मिनिटं, येताना बत्तीस,
वारा समोरून होता.
आज बहिणीचा साखरपुडा,
त्यासाठी विमान थोडंच देतात?

पारोळा दिसलं का वरून?
काहीतरी चौकोनी दिसलं, म्हणाली, किल्ला असेल.
आणि एरंडोल?
तिनं बोटांवर मोजलं.
"एरंडोल म्हणजे... अठरावं मिनिट."

अठरावं मिनिट.
तिथल्या कंट्रोलरच्या खिडकीशी सही करताना
मला पहिली कळ आली होती, सातवा सरून आठवा लागलेला.
बदली कंडक्टर नव्हता. गाडी भरलेली.
पाळधीपर्यंत चार कळा,
बांभोरीला दोन, आणि पुलावर एक अशी
की चिल्लर सगळी खाली सांडली.
लोकांनी वेचून दिली. हिशेब बरोबर लागला,
दीड रुपया जास्तच.
पोरगी आता आठवीत आहे.
हे मी तेजलला सांगितलं नाही.
तिला डुलकी लागली होती, डोकं भिकुबाईच्या डब्यावर.

गिरणेवर उठवलं तिला.
खाली वाकून बघत राहिली.
"इथं पाणी आहे?"
आहे की. म्हशी पण आहेत.
"वरून नुसती वाळू दिसते," म्हणाली,
आणि पूल संपला तरी मान वळवून बसली.

अजिंठा चौकात उतरली. तिकीट मागून घेतलं,
वहीत चिकटवणार म्हणे.

आता कधी वरून घरघर आली
की पोरं खिडकीतून हात करतात.
मी करत नाही, हातात मशीन असतं.
घड्याळ मात्र बघते.
नऊला दहा कमी. पाळधी.
दोन टप्पे राहिले.