तिसरा कप्पा सोडून

डबा आधी वाचायचा.
औषधांच्या दुकानात उभी राहून तीस वर्षं
मी लोकांना हेच सांगत आले.
इथेही तेच बारीक अक्षर :
लाकूड कोरडं हवं, हवा कोरडी, हातात मोजे,
आणि पूर्ण वाळेपर्यंत जनावर दूर.
किती दूर, ते लिहिलेलं नाही.
हेस्टर म्हणाली, कुंपणापलीकडे, वरच्या कुरणात.
पण बॉबिनची मान लांब आहे.

बॉबिन सत्तावीस वर्षांची.
दाराची वरची कड तिने कुरतडून कुरतडून
होडीच्या काठासारखी गोल केली आहे.
कंटाळा आला की चावते,
पाऊस आला की चावते,
किंगटनला पाऊस कधी येत नाही?

काल सगळं बाहेर काढलं :
गवताच्या जाळ्या, बादल्या, मिठाचा गुलाबी खडा,
भुसा पार फरशीपर्यंत.
मग तारेच्या ब्रशने शेवाळ.
हिरवी पूड नाकात, भुवयांत,
रात्री उशीवरसुद्धा.

मागच्या शेडमध्ये एक जुना डबा निघाला.
क्रिओसोट. झाकण गंजून बसलेलं.
हेस्टरने ते स्क्रूड्रायव्हरने उचकटलं
आणि वाकून उभी राहिली, बराच वेळ.
"एमरिसचा कोट," म्हणाली.
एवढंच.

पुढचं मला ठाऊक होतं.
चाळीस वर्षं तो हेच लावायचा,
एक घोडा दगावला नाही.
मी हो म्हटलं.
मग उगाच मामाची गोष्ट काढली :
वेंगुर्ल्याला त्याने होडीला
काजूच्या टरफलांचं तेल चोपडलं, उघड्या हातांनी.
होडी टिकली. हातांची सालं निघाली.
पंधरा दिवस मामी त्याला भरवत होती
आणि तो घास तोंडात धरून हसायचा,
किडीला नाही गं, मलाच लागलं.

इंग्रजीत मामीची नुसती आंट होते,
पण भरवणं हेस्टरला कळलं.
झाकण तिने हातोडीने परत बसवलं, चार ठोके,
पाचवा जरा जास्तच जोरात.
मंगळवारी काउन्सिलची माणसं नेतील,
विषारी कचऱ्यात.

आज नवं औषध. पाण्यातलं, ताकासारखं पांढरट,
वाळलं की दिसतही नाही. वास जवळजवळ नाहीच.
फळ्यांच्या टोकांना दोनदा,
लाकूड पाणी पितं ते तिथूनच.
खिळ्यांभोवती. खाली, मूत पोचतं तिथवर.
दाराच्या त्या गोल कडेला मात्र एक थेंबही नाही,
तिथे पत्र्याची पट्टी ठोकली.
चाव म्हटलं आता.

तिसऱ्या कप्प्यात तुळईला चिखलाची वाटी.
सप्टेंबर अर्धा सरला,
तारेवरच्या भिंगऱ्या आफ्रिकेला गेल्या
आणि या वाटीत अजून चार उघड्या चोची.
"उशिरा लग्न झालेलं जोडपं," हेस्टर म्हणाली.
ब्रश तिने माझ्या हातातून काढून घेतला.
हा कप्पा राहू दे. पिल्लं उडाल्यावर बघू.

चार दिवस वाळवण.
कुरणातून बॉबिन बघते आहे, मान तारेवर टाकून,
आपलं घर कुणी खाल्लं म्हणून.

दुपारी ऊन पडलं. चहाचे कप घेऊन आले
तर अंगणात हेस्टर नाही.
तिसऱ्या कप्प्यात होती,
जुन्या काळ्या फळीला कपाळ टेकून.
ऊन लागलं की ते लाकूड अजून वास सोडतं.
वर भिंगरी आत-बाहेर, आत-बाहेर,
तिला कुणाची अडचण नव्हती.

कप उंबऱ्याशी ठेवला
आणि ब्रश धुवायला निघून आले.
ओढ्यात नाही, बादलीत.
तेही लिहिलंय डब्यावर,
अगदी तळाशी, चष्मा लावला तरच दिसतं.