टोकाची पट्टी

वाळूजच्या शेडमध्ये
गफूर मिस्त्रीनं टेबलावर ठेवलं
त्याचं नवं इंजिन,
जर्मनच्या डब्याएवढं.

ना पिस्टनची ये-जा, ना वाल्वची टकटक.
आत फक्त तिकोनी रोटर,
भोवऱ्यासारखा जरा लंगडत फिरणारा.

सुरू केलं.
वर उभं ठेवलेलं नाणं
पडलं नाही.
चहावाला पोरगाही गप्प.

चाळीस मिनिटांनी निळा धूर.
"लई पितंय," मिस्त्री म्हणाला,
"तेलबी, पेट्रोलबी."
उघडलं. तिन्ही टोकांच्या पट्ट्या झिजलेल्या,
केसाएवढी फट,
सगळा दाब तिथूनच पळालेला.

दारातल्या उन्हात पट्टी धरून तो म्हणाला,
"फिरायला काय, कुणीबी फिरतं.
कोपऱ्यात टिकायचं कोण?"

मग कॅलिपर लावून
खडूनं भिंतीवर जाडी लिहिली,
जुन्या अकरा आकड्यांच्या खाली.