तेविसाव्या पानावरचं तिकीट

बक्षीस मिळालेली पुस्तकं आमच्याकडे
दारासमोरच्या कपाटात असतात.
काच मीच पुसतो, दर सोमवारी.
मिरजेतलं हे 'ब' वर्ग वाचनालय,
दोन दवाखान्यांच्या मधे, रक्तलघवीच्या लॅबवर.
त्यामुळे वर्गणीदार थोडे,
अनामत ठेवून वाचणारे पेशंटचे नातेवाईकच फार.
शंभर रुपये ठेवायचे, डिस्चार्जला परत न्यायचे.

एकतीस वर्षं झाली.
पुस्तक परत आलं की मी आधी अलगद उघडतो.
बहुतेकदा आत खूण राहिलेली असते:
एसटीचं तिकीट, गोळ्यांची रिकामी पट्टी,
एकदा सतारीच्या तारेचा तुकडा
(तो दस्तगीरचाचांचा).
पान कितवं, ते एका वहीत टिपतो.
ही वही तपासनीस मागत नाहीत,
अनुदानाच्या तक्त्यात तिला रकाना नाही.

गेल्या साली गाजलेली कादंबरी सहा जणांनी नेली.
सहाही जण तिशीच्या आत उतरले.
तेविसाव्या पानावर तिकीट होतं, मिरज ते म्हैसाळ.
म्हैसाळ आलं, पुस्तक संपलं.
प्राध्यापक चिंचोरेंनी पुरवणीत लिहिलं होतं,
'वाचकाची परीक्षा पाहणारी कलाकृती'.
आमचे वाचक आधीच परीक्षेला बसलेले असतात,
पलीकडे, आयसीयूबाहेरच्या बाकावर.

शिवगंगा बिराजदार, मुक्काम संख, तालुका जत.
नवरा अकरा दिवस मशीनवर.
मी काच सरकवून सोनेरी शिक्क्याचं पुढे केलं,
तर म्हणाली, "बक्षीस कुणी दिलं ओ?"
म्हटलं, समिती असते. जाणकार लोक.
"त्येनी ह्ये रातचं वाचलं असंल का?
पायातल्या चपला न काढता?"
मला उत्तर सुचेना.
"जाडजूड द्या कायतरी. उजाडंपत्तूर पुरंल असं."

दिलं एक. मुखपृष्ठ नाही, पहिली आठ पानं नाहीत,
लेखक कोण ते मलाही माहीत नाही.
दाखल क्रमांक ४११७.

खोटं कशाला बोलू, मीही एकदा समितीवर होतो.
सांगलीत, एका ट्रस्टच्या.
अठ्ठावन्न पुस्तकं पोत्यातून घरी आली,
मुदत दोन महिने.
एकोणीस पुरती वाचली. बाकीच्यांची
पाठ वाचली, पोट चाचपलं.
शेवटच्या बैठकीत भडंग खाता खाता
दोघांचं भांडण मिटावं म्हणून
तिसऱ्याचंच नाव पक्कं झालं.
हात वर करणाऱ्यांत माझाही हात होता,
बोटांना तिखट लागलेला.

हे दस्तगीरचाचांना सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत.
"भोपळा आम्हीपण टकटक करूनच घेतो," म्हणाले,
"फसतो कधी कधी. सतार होऊन,
जवारी काढून, कुणाच्या तरी मांडीवर जाईपर्यंत
खरं कुठं कळतंय?
म्हणून टकटक सोडून देऊ का?"

आणि तेही खरंच.
खालच्या लॅबमधला अमोघसिद्ध नावाचा पोरगा
निव्वळ शिक्का बघून कवितांचं एक पुस्तक घेऊन गेला.
नऊ महिने ठेवलं. दंड मुकाट्याने भरला.
आत खूण नव्हती,
पण पानांचे कोपरे लोण्यासारखे मऊ झाले होते.
बक्षीस नसतं तर ते पुस्तक यादीत आलं नसतं,
यादीत नसतं तर मिरजेत आलं नसतं.
वहीत त्याच्यापुढे काय लिहावं
ते मला बराच वेळ सुचलं नाही.

परवा नवी यादी आली.
एकूण तेहतीस, पैकी सात शिक्क्याची.
कपाटात जागा करायला हवी.

४११७ परत आलं नाही.
शंभराची ती नोट अजून गल्ल्यात आहे,
घडी होती तशीच.
नवरा घरी गेला की कसा गेला, मी चौकशी केली नाही.
पानाच्या रकान्यात
एवढंच लिहिलंय: नेलं.